थांबणाऱ्यांचा बाजार

मार्च २०२४. अॅरिझोना आणि फ्लोरिडातली सराव शिबिरे सुरू होऊन महिना उलटला होता. मेजर लीग बेसबॉलचे तीसही संघ हंगामाच्या तयारीत गुंतले होते, पिचरांचे खांदे मोकळे होऊ लागले होते, सराव सामने संपत आले होते. ब्लेक स्नेल मात्र अजून कुठल्याच संघात नव्हता.

स्नेल हा संधी शोधत फिरणारा नवखा नव्हता. आदल्या हंगामात सॅन दिएगो पॅड्रेसकडून त्याने १८० डाव टाकले आणि दर नऊ डावांमागे सरासरी अवघ्या २.२५ धावा दिल्या. नॅशनल लीगमधल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला होता. २०१८मध्ये अमेरिकन लीगचा तोच पुरस्कारही त्यानेच जिंकला होता. दोन्ही लीगमध्ये हा मान मिळवणारे पिचर बेसबॉलच्या इतिहासात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच आहेत. असा खेळाडू नोव्हेंबरात मोकळा झाला आणि मार्चचा तिसरा आठवडा उजाडला तरी मोकळाच राहिला. पॅड्रेसने देऊ केलेला एका वर्षाचा २ कोटी ३ लाख डॉलरचा प्रस्ताव त्याने आधीच नाकारला होता. जानेवारीत न्यूयॉर्क यांकीजने सहा वर्षांसाठी १५ कोटी डॉलर पुढे केल्याच्या बातम्या होत्या, पण तिथेही जमले नाही. अखेर सॅन फ्रान्सिस्को जायंट्सबरोबर दोन वर्षांचा ६ कोटी २० लाख डॉलरचा करार झाला. पहिल्या वर्षानंतर हवे तर बाहेर पडण्याची मुभा त्यात होती.

गुणवत्तेबद्दल वाद नव्हता, तरी एवढा उशीर का झाला? त्याचे एक कारण आकड्यांतच होते. त्याच हंगामात स्नेलने ९९ बॅटरांना चार चुकीच्या चेंडूंवर फुकट पहिल्या तळावर पाठवले होते, आणि तेवढे त्या वर्षी दुसऱ्या कुणीच पाठवले नव्हते. वय ३१. मोठा करार म्हणजे तो ३६-३७ वर्षांचा होईपर्यंतचे पैसे. संघांना वाटत होते की थांबलो तर भाव उतरेल, आणि खेळाडूच्या बाजूला वाटत होते की थांबलो तर एखाद्या संघाची गरज वाढेल. दोघेही थांबले.

आयपीएलचा लिलाव पाहणाऱ्या मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. तिथे नाव पुकारले जाते, फलक वर जातात, हातोडा पडतो आणि काही मिनिटांत भाव ठरतो. बेसबॉलच्या बाजारात हातोडाच नाही. शरद ऋतूत वर्ल्ड सिरीज ही विजेतेपदाची मालिका संपली की ज्यांचा करार संपला आहे आणि ज्यांची मेजर लीगमधली सहा वर्षे भरली आहेत, ते ‘फ्री एजंट’ होतात. तीसही संघ त्यांच्याशी बोलू शकतात, पण सौदा कधी पुरा व्हावा याची तारीख कुठेही लिहिलेली नाही. कुणाची सही डिसेंबरात होते, कुणाची फेब्रुवारीत, कुणाची हंगाम सुरू होऊन दोन महिने झाल्यावर. लीगने मध्यंतरी बहुवर्षीय करारांना डिसेंबरची मुदत घालण्याचा विचार मांडला होता, खेळाडूंच्या संघटनेने तो फेटाळला.

म्हणून या बाजारात पैशाबरोबर वेळही मोजावा लागतो. खेळाडू आपली उरलेली चांगली वर्षे विकायला काढतो. संघ ती घेतो, पण त्यांच्या जोडीने पुढची उतरती वर्षेही त्याला घ्यावी लागतात. लवकर सही केली तर पुढे चढणारा भाव हातचा जातो, उशिरा केली तर समोरची जागाच भरून जाते. हे कोडे बेसबॉलमध्ये इतके तीव्र का, हे कळण्यासाठी पन्नास वर्षे मागे जायला हवे.

सहा वर्षांची भिंत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९७५पर्यंत बेसबॉल खेळाडूला बाजारच नव्हता. करारातल्या ‘रिझर्व्ह क्लॉज’ या कलमानुसार करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहत असे. संघ त्याला ठेवू शके, दुसऱ्याला देऊ शके, काढू शके. खेळाडूला मात्र एवढेच ठरवता येई की खेळायचे की खेळ सोडायचा. १९६९मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सने कर्ट फ्लडला परस्पर फिलाडेल्फियाला देऊन टाकले, तेव्हा त्याने जायला नकार दिला. आपण विकत घेण्याची वा विकण्याची वस्तू नाही, अशी त्याची भूमिका होती. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२मध्ये फ्लड ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. त्याची कारकीर्द त्यातच संपली.

भिंतीला पहिले भगदाड पडले ते एका मालकाच्या चुकीमुळे. ओकलंड अॅथलेटिक्सचा मालक चार्ली फिनली याने आपला अव्वल पिचर कॅटफिश हंटर याच्या करारातला विम्याचा हप्ता भरला नाही. डिसेंबर १९७४मध्ये लवाद पीटर सायट्झ यांनी करारभंग झाल्याचे ठरवून हंटरला मोकळे केले. पुढचे दोन आठवडे नॉर्थ कॅरोलायनातल्या अहोस्की या छोट्या गावात, हंटरच्या वकिलाच्या कचेरीत, मोठमोठ्या संघांच्या माणसांची रीघ लागली. ३१ डिसेंबरला यांकीजने त्याच्याशी पाच वर्षांचा, तीस लाखांहून अधिक डॉलरचा करार केला. आदल्या हंगामात त्याचा पगार १ लाख डॉलर होता. खुल्या बाजारात खेळाडूची किंमत काय असते, हे सगळ्या खेळाडूंना एका रात्रीत कळले.

वर्षभराने, २३ डिसेंबर १९७५ रोजी, त्याच सायट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोघांच्या बाजूने निकाल दिला आणि रिझर्व्ह क्लॉजची सद्दी संपली. आता सगळ्याच खेळाडूंना दरवर्षी मोकळे व्हायचे का, हा प्रश्न समोर आला. खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांनी इथे पुढचा विचार केला. आवक वाढली की भाव पडतो, हे मंडईत जाणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. दरवर्षी शेकडो खेळाडू एकदम बाजारात आले तर कुणालाच चांगली किंमत मिळणार नाही, हे त्यांनी ओळखले. मालकांमध्ये हे उमगले होते ते फिनलीला. सगळ्यांनाच दरवर्षी मोकळे करा, असे तो म्हणत होता. बाकीच्या मालकांनी त्याचे ऐकले नाही. १९७६च्या समझोत्यात ठरले की सहा वर्षे भरल्यावरच खेळाडू मोकळा होईल. तोच नियम आजही आहे.

या सहा वर्षांचा अर्थ वयात मोजला की कळतो. बहुतेक खेळाडू मेजर लीगमध्ये येतात तेव्हा २३ ते २५ वर्षांचे असतात. सहा वर्षे भरेपर्यंत तिशी येते. बॅटरचा बहर साधारण २६ ते २९ या वयात असतो, असे आकडेशास्त्राचे अभ्यासक सांगत आले आहेत. म्हणजे खेळाडूची सर्वोत्तम वर्षे संघाला स्वस्तात मिळतात, आणि बाजार उघडतो तो उतार सुरू होण्याच्या बेतात. संघ समोर पाहतो ते मागच्या चार वर्षांचे आकडे, पण पैसे मोजतो पुढच्या सात वर्षांचे.

त्यामुळे एकेक दिवसाला मोल येते. सेवेची १७२ दिवसांची मोजणी पुरी झाली की नियमानुसार एक वर्ष भरते. २०१५मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंट या तरुण बॅटरला हंगामाच्या सुरुवातीला खालच्या लीगमध्ये ठेवले आणि १७ एप्रिलला वर आणले. त्याचे त्या वर्षीचे दिवस भरले १७१. एका दिवसाने वर्ष हुकले आणि त्याची मोकळीक २०२०ऐवजी २०२१च्या अखेरीस गेली. ब्रायंट त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, पुढच्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि कब्जने १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्याने केलेली तक्रार लवादाने २०२०मध्ये फेटाळली.

उलट उदाहरण होआन सोटोचे. १९व्या वर्षी, २०१८मध्ये, तो वॉशिंग्टन नॅशनल्सकडून मेजर लीगमध्ये उतरला. २०२२मध्ये संघाने त्याला १५ वर्षांसाठी ४४ कोटी डॉलर देऊ केले, ते त्याने नाकारले. काही दिवसांतच संघाने त्याला दुसरीकडे धाडले. सहा वर्षांनंतरही तो फक्त २६ वर्षांचा होता, म्हणजे बहराची वर्षे अजून पुढेच होती. डिसेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर दिले. लवकर सुरुवात आणि थांबण्याची तयारी, या दोन्हींची किंमत त्याला एकाच सहीत मिळाली.

जपानमधून येणाऱ्यांसाठी ही भिंत निराळ्या जागी आहे. २५ वर्षांच्या आतल्या परदेशी खेळाडूला नवशिक्यांसाठीच्या मर्यादित रकमेतूनच पैसे देता येतात. शोहेई ओहतानी २३व्या वर्षी, डिसेंबर २०१७मध्ये, लॉस एंजेलिस एंजल्सकडे आला तो २३ लाख १५ हजार डॉलरच्या बोनसवर. दोन वर्षे थांबला असता तर कोट्यवधी डॉलर मिळाले असते, हे त्यालाही ठाऊक होते. त्याला अमेरिकेत लवकर खेळायचे होते. योशिनोबु यामामोटो मात्र २५ पुरी झाल्यावर आला. अमेरिकेत एकही चेंडू न टाकता डॉजर्सशी त्याचा १२ वर्षांचा ३२ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला, तो २०२३च्या डिसेंबरात. त्याच महिन्यात, सहा वर्षे भरलेला ओहतानीही डॉजर्सकडे गेला, १० वर्षांसाठी ७० कोटी डॉलरवर.

जाऊ देण्याचा हिशेब

मोठा खेळाडू घेणे ही एक निवड, तर त्याला जाऊ देणे ही दुसरी. दुसरीची हिंमत कमी संघांत असते, कारण तिचा रोष लगेच दिसतो आणि फायदा उशिरा.

अल्बर्ट पुहोल्स ११ हंगाम सेंट लुइस कार्डिनल्सकडून खेळला. ४४५ होम रन, तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, २००६ आणि २०११ची वर्ल्ड सिरीज. शहराचा तो लाडका होता. डिसेंबर २०११मध्ये, बत्तिशी महिन्यावर आली असताना, एंजल्सने त्याला १० वर्षांसाठी २४ कोटी डॉलर दिले. कार्डिनल्सने त्या आकड्यापर्यंत जाण्याचे टाळले. त्या वेळच्या नियमानुसार पुहोल्सला घेतल्याबद्दल एंजल्सची ड्राफ्टमधली, म्हणजे नवोदित खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांतली, पहिल्या फेरीची निवड कार्डिनल्सकडे आली. १९व्या क्रमांकाच्या त्या निवडीतून जून २०१२मध्ये त्यांनी मायकल वाका नावाचा पिचर घेतला. पुढच्याच वर्षी २२ वर्षांचा वाका नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा मानकरी ठरला आणि कार्डिनल्स वर्ल्ड सिरीजमध्ये पोचले.

तिकडे पुहोल्सची सेंट लुइसमधली .३२८ची सरासरी एंजल्सकडे .२५६वर आली. त्या सगळ्या काळात एंजल्स बाद फेरीत एकदाच गेले, २०१४मध्ये, आणि एकही सामना न जिंकता परतले. करार संपायच्या आधीच, मे २०२१मध्ये, त्यांनी त्याला मोकळे केले. पुहोल्स २०२२मध्ये एका हंगामासाठी सेंट लुइसला परतला आणि ७०३ होम रनवर थांबला. शहराने त्याला डोक्यावर घेतले. २०११च्या डिसेंबरात मन घट्ट केलेल्या संघाला आपला माणूसही शेवटी परत मिळाला.

खेळाडू गमावणाऱ्या संघाला ड्राफ्टमध्ये भरपाई देण्याची ही पद्धत २०१२पासून ‘क्वालिफाइंग ऑफर’ या रूपात आहे. लीगमधल्या सर्वाधिक पगाराच्या १२५ खेळाडूंची सरासरी काढून ठरलेल्या रकमेचा एका वर्षाचा प्रस्ताव संघ आपल्या खेळाडूला देतो. खेळाडूने तो नाकारून दुसरा संघ गाठला, तर नव्या संघाला ड्राफ्टमधल्या निवडीवर पाणी सोडावे लागते. मोठ्या खेळाडूसाठी संघ ही किंमत मोजतो. मधल्या फळीतल्या खेळाडूच्या गळ्यात मात्र हे लोढणे होते.

२०१८च्या अखेरीस डॅलस कायकल आणि क्रेग किम्ब्रल या दोन नामवंत पिचरांनी १ कोटी ७९ लाखांचा असा प्रस्ताव नाकारला. कायकल साय यंग विजेता, तर किम्ब्रल नुकताच बोस्टनबरोबर वर्ल्ड सिरीज जिंकलेला. हिवाळा गेला, हंगाम सुरू झाला, दोघेही घरीच. जूनच्या सुरुवातीला ड्राफ्ट पार पडला, आता त्यांना घेताना निवड गमवावी लागणार नव्हती, आणि काही दिवसांतच दोघांचे करार झाले. कायकलला अटलांटाने उरलेल्या हंगामासाठी १ कोटी ३० लाख दिले आणि त्याची कामगिरी बरी झाली. किम्ब्रलला कब्जने तीन वर्षांसाठी ४ कोटी ३० लाख दिले. त्या वर्षी त्याने जेमतेम २० डाव टाकले आणि नऊ डावांमागे साडेसहा धावा दिल्या. पिचरचा हात सरावाच्या शिबिरात टप्प्याटप्प्याने तयार होतो. घरी थांबून वाचवलेल्या महिन्यांची वसुली तो मैदानावर करतो.

आजचा आकडा, उद्याचा आकडा

एप्रिल २०२२मध्ये यांकीजने अॅरन जजला सात वर्षांसाठी २१ कोटी ३५ लाख डॉलर देऊ केले. जज ३०च्या उंबरठ्यावर होता, अंगाने धिप्पाड, आणि दुखापतींचा इतिहास असलेला. त्याने नकार दिला. त्या हंगामात त्याने ६२ होम रन मारले आणि रॉजर मॅरिसचा १९६१पासून टिकलेला अमेरिकन लीगचा विक्रम मोडला. डिसेंबरात त्याच यांकीजने नऊ वर्षांसाठी ३६ कोटी डॉलर मोजले. आठ महिन्यांत भाव जवळजवळ १५ कोटींनी चढला.

ही गोष्ट अमेरिकेत वारंवार सांगितली जाते. इयन डेझमंडची तेवढ्याच वेळा सांगायला हवी. नॅशनल्सच्या या शॉर्टस्टॉपने २०१४च्या आसपास सात वर्षांचा १० कोटी ७० लाख डॉलरचा प्रस्ताव नाकारल्याच्या बातम्या होत्या. २०१५चा हंगाम वाईट गेला. तरी त्याने १ कोटी ५८ लाखांची क्वालिफाइंग ऑफर नाकारली. फेब्रुवारी संपत आला तेव्हा टेक्सास रेंजर्सने त्याला एका वर्षासाठी ८० लाख दिले, तेही जन्मभर खेळलेली जागा सोडून आउटफिल्डमध्ये खेळण्याच्या अटीवर. डेझमंड नवी जागा शिकला, ऑल-स्टार संघात गेला आणि पुढच्या डिसेंबरात कोलोराडोकडून पाच वर्षांचे ७ कोटी डॉलर मिळवले. त्याने सावरले, पण जुन्या प्रस्तावाच्या उंचीवर तो पुन्हा पोचला नाही. जज आणि डेझमंड यांनी घेतलेला निर्णय एकच होता.

कधी कधी वाट पाहता पाहता जागाच भरते. फ्रेडी फ्रीमन बारा हंगाम अटलांटाचा होता आणि २०२१ची वर्ल्ड सिरीज त्याने त्याच गणवेशात जिंकली. त्या डिसेंबरात मालक आणि खेळाडू यांच्या वादात लीगला टाळे लागले. बाजार तीन महिने गोठला. मार्च २०२२मध्ये टाळे उघडले, तेव्हा सगळ्यांनाच घाई होती. फ्रीमनची जागा पहिल्या तळावरची, आणि तिथे एकच खेळाडू उभा राहतो. अटलांटाने १४ मार्चला ओकलंडकडून मॅट ओल्सनला आणले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याशी आठ वर्षांचा करार केला. फ्रीमनच्या परतीचा रस्ता बंद झाला. दोन-तीन दिवसांत तो सहा वर्षांसाठी १६ कोटी २० लाख डॉलरवर डॉजर्सकडे गेला. अटलांटाला पुढची मैदानी भेट दिली तेव्हा त्याचे डोळे वारंवार भरून येत होते. ओल्सनने २०२३मध्ये ५४ होम रन मारले, फ्रीमन २०२४च्या वर्ल्ड सिरीजचा मानकरी ठरला. दोन्ही संघांचे भले झाले. ताटातूट मात्र कायमची झाली.

वॉशिंग्टनचे दशक

या सगळ्या निवडींचे फळ एकाच संघात पाहायचे असेल तर वॉशिंग्टन नॅशनल्सकडे पाहावे.

मॅक्स शर्झरने मार्च २०१४मध्ये डेट्रॉइटचा सहा वर्षांचा १४ कोटी ४० लाखांचा प्रस्ताव नाकारला, हंगाम उत्तम खेळला आणि जानेवारी २०१५पर्यंत थांबला. तोवर बहुतेक संघांचे बाजार आटोपले होते. नॅशनल्सने त्याला सात वर्षांसाठी २१ कोटी डॉलर दिले, पण त्यातली निम्मी रक्कम पुढे ढकलली. सात वर्षे खेळायचे आणि पैसे घ्यायचे चौदा वर्षे, दरसाल दीड कोटी, थेट २०२८पर्यंत. संघाला आज हाताशी जास्त पैसा राहिला, खेळाडूला मोठा आकडा मिळाला, आणि मधली तफावत काळाच्या खात्यावर पडली. हीच युक्ती ओहतानीच्या करारात टोकाला गेली. त्याच्या ७० कोटींपैकी ६८ कोटी करार संपल्यानंतर द्यायचे आहेत.

तिशी गाठलेल्या पिचरला सात वर्षे देणे हा जुगार, असे तेव्हा अनेकांना वाटले होते. शर्झरने २०१६ आणि २०१७चे साय यंग पुरस्कार जिंकून तो खरा करून दाखवला.

२०१८च्या सप्टेंबरात नॅशनल्सने आपल्या लाडक्या ब्राइस हार्परपुढे दहा वर्षांसाठी ३० कोटी डॉलर ठेवले. त्याने ते घेतले नाहीत. संघ थांबला नाही. डिसेंबर उजाडताच त्यांनी पॅट्रिक कॉर्बिन या २९ वर्षांच्या पिचरला सहा वर्षांसाठी १४ कोटी देऊन टाकले. हार्पर फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत थांबला आणि फिलाडेल्फियाशी १३ वर्षांचा ३३ कोटींचा करार करून गेला.

२०१९च्या हंगामात पहिल्या ५० सामन्यांत नॅशनल्सने १९ जिंकले आणि ३१ हरले. मग संघ उभा राहिला, कसाबसा बाद फेरीत शिरला आणि वर्ल्ड सिरीजला पोचला. त्या मालिकेत सातही सामने पाहुण्या संघाने जिंकले. ३० ऑक्टोबरला ह्यूस्टनमध्ये शेवटचा सामना होता. सुरुवात शर्झरने केली. मान आखडल्याने तीन दिवसांपूर्वी त्याला कपडेही धडपणे घालता येत नव्हते. त्याच्यानंतर कॉर्बिन आला आणि तीन डाव एकही धाव न देता टाकून गेला. सामना ६-२ने जिंकला, विजयी पिचर म्हणून नोंद झाली कॉर्बिनची. १९२४नंतर पहिल्यांदा वॉशिंग्टनमध्ये वर्ल्ड सिरीज आली.

मालिकेचा मानकरी होता स्टीव्हन स्ट्रासबर्ग. त्याने जुन्या करारातून बाहेर पडण्याचा हक्क वापरला, आणि नॅशनल्सने डिसेंबरात त्याच्याशी सात वर्षांचा २४ कोटी ५० लाखांचा नवा करार केला. त्यानंतर मनगट, खांदा, शिरांवरचा दाब आणि शस्त्रक्रिया यांच्या फेऱ्यात स्ट्रासबर्ग फक्त आठ सामने खेळू शकला. २०२४मध्ये त्याने निवृत्ती घेतली. कॉर्बिनही त्या रात्रीनंतर तसा राहिला नाही. २०२१मध्ये तो १६ सामने हरला, २०२२मध्ये १९. त्या वर्षी संघाने १०७ सामने गमावले. शर्झर तोवर दुसरीकडे गेला होता, सोटोही गेला.

केवळ ताळेबंद पाहणारा माणूस म्हणेल की तीनपैकी दोन करार बुडीत गेले. कॉर्बिनची शेवटची वर्षे बघून तो करार वाईट म्हणणे सोपे आहे. पण त्या तीन डावांशिवाय ती रात्र होत नाही, आणि १४ कोटींमध्ये त्या रात्रीची किंमत किती धरायची, हे कुठल्याही कोष्टकात बसत नाही. स्ट्रासबर्गच्या कराराची गोष्ट वेगळी आहे. तो विजयाच्या आनंदात, विजयाबद्दल दिलेला करार होता. कॉर्बिनला घेतले ते पुढे जिंकायचे म्हणून, स्ट्रासबर्गला ठेवले ते जिंकलो म्हणून. सहीच्या त्या एका वर्षाच्या अंतराने सगळा फरक पडला.

उशिराचे दोन हिशेब

आता पुन्हा २०२४च्या मार्चकडे. स्नेल उशिरा आला, त्याचे पाय आखडले, आणि पहिल्या सहा सामन्यांत त्याने नऊ डावांमागे साडेनऊ धावा दिल्या. जायंट्सचे चाहते वैतागले. जुलैपासून मात्र चित्र पालटले. २ ऑगस्टला सिनसिनाटीत त्याने प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देता सामना पुरा केला आणि शेवटच्या चौदा सामन्यांत त्याची सरासरी १.२३ होती. हंगाम संपताच करारातून बाहेर पडण्याचा हक्क त्याने वापरला. या वेळी मार्चची वाट पाहणे नव्हते. नियमाप्रमाणे क्वालिफाइंग ऑफर एका खेळाडूला एकदाच देता येते आणि पॅड्रेसने ती आधीच दिली होती, त्यामुळे या खेपेला त्याला घेणाऱ्या संघाला ड्राफ्टमध्ये काहीच गमवावे लागणार नव्हते. नोव्हेंबर संपायच्या आत डॉजर्सबरोबर पाच वर्षांचा १८ कोटी २० लाखांचा करार झाला.

स्नेलच्या पहिल्या हिवाळ्यात त्याच्याइतकाच थांबलेला पिचर जॉर्डन मॉन्टगमरी मार्च २०२४च्या शेवटच्या आठवड्यात अॅरिझोनाकडे गेला. २०२३ची वर्ल्ड सिरीज त्याने टेक्सासकडून जिंकली होती, ती याच अॅरिझोनाला हरवून. एका वर्षाचे अडीच कोटी, आणि ठरावीक सामने खेळला तर दुसरे वर्षही घेण्याचा हक्क. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तो मैदानात उतरला आणि वर्षअखेर त्याची सरासरी ६.२३वर गेली. हा करार करण्याची चूक आपली होती, असे संघाच्या मालकाने जाहीरपणे सांगितले. मॉन्टगमरीने पुढच्या वर्षाचे सव्वादोन कोटी स्वीकारले, पण २०२५च्या वसंतात त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली.

१ नोव्हेंबर २०२५ला टोरंटोत वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना झाला. डॉजर्सकडून सुरुवात केली ओहतानीने, जो कधीकाळी दोन वर्षे आधीच निघून आला होता. शेवटच्या टप्प्यात स्नेलने चेंडू हाती घेतला. त्याच्यानंतर आलेल्या यामामोटोने आदल्या रात्रीच सामना टाकला असूनही अकराव्या डावापर्यंत खिंड लढवली आणि डॉजर्स ५-४ने जिंकले. टोरंटोकडून पहिला चेंडू टाकणारा पिचर होता ४१ वर्षांचा मॅक्स शर्झर. त्याचा टोरंटोशी एका वर्षाचा, १ कोटी ५५ लाख डॉलरचा करार होता. वॉशिंग्टनकडून येणारे त्याचे दीड कोटी त्या वर्षीही चालूच होते, आणि अजून तीन हप्ते बाकी होते.